फिरतो, पण निघत नाही

चार बोल्टांतले दोन गुमान आले.
तिसरा गंजलेला. रॉकेल कुठे मिळतंय आता,
रात्रभर डिझेल पाजलं,
सकाळी डोक्यावर हातोडीचे पाच-सहा हलके ठोके,
मग सोडवायच्या आधी जरासा आवळला.
(सोडवायचं असेल तर आधी आवळावं,
हे खडकीच्या टूलरूममध्ये पहिल्याच महिन्यात
कुट्टी फोरमननं शिकवलेलं, शिवी देऊन.)
कर्रकन बोलला आणि सुटला.

चौथा मात्र फिरतो.
डावीकडे फिरवा, फिरतो. उजवीकडे, तरी फिरतो.
ना वर, ना खाली.
मीटिंगमध्ये ज्याला त्याला ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणणारे
आमचे खजिनदार टेंबे, तसा.

विश्रांतवाडी. रविवार. सी विंगमागे टाकीच्या सावलीत
पोत्यावर सोसायटीचं गवत कापायचं मशीन,
इंजिनावरचं लाल झाकण उन्हानं गुलाबी पडलेलं,
आणि त्यात हा एक, दहाच्या पान्याचा,
आटे खाऊन बसलेला.
पाना लावला की पान्याबरोबर गरगर,
पाना काढला की साळसूद.

चौतीस वर्षं नोकरी केली मी. मायक्रॉनमध्ये बोलायचो.
आज बनियनवर, गुडघ्याखाली वर्तमानपत्र घेऊन
पक्कड, पेचकस,
बुधवारी जुन्या बाजारातून आणलेला
दात झिजलेला व्हाइसग्रिप,
सगळं लावून बघतोय
आणि मोठ्यानं विचारतोय,
कुठल्या गाढवानं आवळला हा?
ॲल्युमिनियम आहे ते, रेल्वेचा रूळ नव्हे!
दोन बोटांचा जोर पुरतो तिथं यानं खांदा लावलाय.
असं बोललं की जरा बरं वाटतं.
बोल्टला काही वाटत नाही.

अनुसया काळोखे समोरच्या वाफ्यात हराळी उपटत होती.
मशीन तीच चालवते. तिचं काम माझ्यापायी अडलेलं.
अर्धा तास काही बोलली नाही.
मग म्हणाली, ‘काका, नुस्तं पिळू नका.
हराळी नुस्ती पिळली तर हातात शेंडा येतो,
मूळ आत हसत ऱ्हातं.
वर ताण धरायचा आन् मग पिळायचं.
ताण सोडायचा न्हाई.’

हे मला माहीत होतं.
माहीत होतं आणि आठवलं नाही.

तिनंच खुरपं पुढे केलं.
बोल्टच्या डोक्याखाली मातीनं लिंपलेली चकती होती,
तिच्याखाली टोक घालून वर रेटलं,
मी पाना फिरवला.
एक फेरा. काही नाही.
दुसऱ्या फेऱ्यात आत कुठंतरी
उरलासुरला एक आटा दुसऱ्यावर चढला.
बोटांना कळतं ते, कानांच्या आधी.
मग तो आला, केसभर, तांदळाएवढा,
मग सगळाच,
अंगाला चंदेरी भुगा फासून.

झाकण उचललं. खाली गच्च दाबलेलं
मागल्या सालचं गवत, गादीसारखं, त्यात एक गोम.
बोल्ट चिंधीनं पुसला.
चकती वायसर नव्हतीच.
पंचवीस पैसे होते,
गेंड्याच्या पोटातून भोक पाडलेले,
भोकाची कड कानशीनं गोल केलेली, नीट, निगुतीनं.

ती कानस मी ओळखतो.
दोन पावसाळ्यांपूर्वी, याच सावलीत,
साठ रुपयांच्या बिलावर टेंब्यांनी
चष्मा वर करून विचारलं होतं, ‘इतके कसे?’
त्या संध्याकाळी वायसर आणायला
मी बोहरी आळीत गेलो नाही.
आणि आवळत होतो
तो काही बोल्ट नव्हता.

‘कुणाचे ओ हे चार आणे?’ अनुसयानं विचारलं.
‘असतील कुणाचे तरी.’
नाणं खिशात टाकायला गेलो.
बनियनला खिसा नव्हता.
तिनं ते पाहिलं, खुरपं पोत्याला पुसलं,
आणि वाफ्याकडे वळली.